प्राथमिक शाळेचा कारभार आणि नागरिकत्वाचे शिक्षण

आपल्याकडील बहुतेक जिल्हा परिषद शाळांच्या व्हरांड्यात वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्ये ठळक अक्षरांत रंगविलेली असतात. त्यांच्याखाली उभी राहून मुले रोज सकाळच्या परिपाठात हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतात आणि २०२० च्या प्रजासत्ताकदिनापासून शासनाच्या आदेशानुसार संविधानाची उद्देशिकाही वाचतात. विशाखापट्टणमच्या कोषागारात अधिकारी असलेल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली ही प्रतिज्ञा मूळ तेलुगूत लिहिली. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा तेलुगू मुलखाला भिडलेली असल्यामुळे झरी-जामणीकडच्या मुलांना हे सांगितले तर त्यांना विशेष गंमत वाटेल. परंतु परिपाठ आटोपून मुले वर्गात शिरली, की ज्या शिरस्त्याने पुढचा सारा दिवस चालतो, पाणी आधी कोणी प्यायचे, झाडू कोणी हाती धरायचा, पुढच्या रांगेत कोणी बसायचे, चोरीचा संशय प्रथम कोणावर घ्यायचा, तो शिरस्ता हीच सहा-सात वर्षांच्या बालकाच्या दृष्टीने खरी राज्यघटना असते. आणि भिंतीवरील घटना व दिवसभराची घटना यांत तफावत पडली, तर कोणती खरी मानावयाची याविषयी बालकाच्या मनात तिळमात्रही संदेह राहत नाही.

म्हणून प्राथमिक शिक्षकांना आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना प्रस्तुत लेखात जे सुचवावयाचे आहे, ते नवीन तासिकेविषयी किंवा नवीन पुस्तकाविषयी नसून शाळेच्या कारभाराविषयी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा असे कलम २९ मध्ये मुक्रर केले आहे. तो अभ्यासक्रम केवळ पाठ्यपुस्तकाच्या पानांत असतो असे मानण्याचे कारण नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. सोळा तालुक्यांच्या या मुलखात एकाच शाळेच्या हद्दीत मूळ गावठाण, गावाबाहेरचा बंजाऱ्यांचा तांडा, डोंगराच्या कुशीतील कोलामांचा पोड आणि क्वचित पारध्यांचा बेडाही असतो. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असून तिची बोली कोलामी; शेजारच्या गोंडांची गोंडी; या दोन्ही द्राविडी कुळातल्या. तांड्यावरची गोरमाटी निराळी, मुसलमान मोहल्ल्यातील उर्दूमिश्रित हिंदी निराळी, आणि ज्याला सारे जण ‘गावची भाषा’ म्हणतात ती वऱ्हाडी तर पाठ्यपुस्तकाच्या मराठीपासून चांगलीच दूर. दोन शिक्षकांच्या शाळेत या सर्वांची मुले एकाच सतरंजीवर येऊन बसतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या आयुष्यातील गावठाण, तांडा व पोड यांना समान पायरीवर आणणारे ते पहिलेच स्थळ असते. कदाचित शेवटचेही.

पाण्यापासून आरंभ करावा. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शाळेचा शिपाई नळ उघडून देईल तेव्हाच पाणी मिळे आणि शिपाई नसला म्हणजे तहानेलेच राहावे लागे, ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या दिवशी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले, तो १९०० सालचा ७ नोव्हेंबर हा दिवस आज राज्यात विद्यार्थीदिन म्हणून पाळला जातो, शाळाशाळांतून भाषणे होतात, चित्रे रंगविली जातात. त्या दिवशी भाषणांच्या जोडीला शिक्षकांनी एक काम अवश्य करावे: आपल्या शाळेतील माठापाशी मधल्या सुट्टीत स्वस्थ उभे राहून पाहावे. कोणते मूल माठात स्वतः ओगराळे घालते आणि कोणते मूल दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेते, हे पाच मिनिटांत कळते. शिपाई गेला, नळ गेला, कायद्याने अस्पृश्यताही गेली. पण सवय अशी हुकमाने जात नाही. ती पाळीनेच घालवावी लागते.

यासाठी साधा उपाय असा, की माठ भरण्याचे, झाकण्याचे आणि ओगराळ्याने पाणी वाढण्याचे काम आठवड्याच्या पाळीने प्रत्येक मुलाकडे यावे, आणि ती पाळी पटावरील नावांच्या क्रमाने, कोणालाही न वगळता फिरावी. ज्या मुलाच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नाही त्याच्या हातचे पाणी साऱ्या शाळेने आठवडाभर घेतले, तर व्याख्यानाची गरज उरत नाही. मात्र पाळीचा तक्ता करताना शिक्षकांनी ‘आज एक नवा प्रयोग करू या’ अशी प्रस्तावना करू नये, कोणाच्याही जातीचा वा वस्तीचा उल्लेख करू नये. तक्ता जणू पूर्वापार मामुलाप्रमाणे चालत आला आहे अशा सहजतेने तो भिंतीवर लावावा. एखाद्या पालकाने हरकत घेतली, तर सरकारी नियमाकडे बोट न दाखविता, शाळेत सर्वांची पाळी येते एवढेच शांतपणे सांगावे आणि पाळी मोडू नये. एकदा मोडलेली पाळी पुन्हा बसविणे महाकठीण.

शालेय पोषण आहाराच्या पंगतीलाही हेच लागू. खिचडी शिजविणारी बाई कोण असावी याविषयी गावात जे राजकारण चालते ते शिक्षकांच्या हातचे नसेल. परंतु पंगत कशी बसावी हे पूर्णपणे त्यांच्या हातचे आहे. मुलांना मोकळे सोडले तर ती वस्तीवस्तीने बसतात, तांड्याची तांड्याजवळ, पोडाची पोडाजवळ, आणि यात द्वेष असतोच असे नाही, ओळखीची ऊब असते. म्हणून जबरदस्तीने विस्कटण्याऐवजी महिन्याकरिता चार-चार मुलांचे गट करावेत. गटात निरनिराळ्या वस्त्यांची आणि निरनिराळ्या इयत्तांची मुले असावीत. त्यांनी एकत्र जेवावे, एकत्र ताटे धुवावीत आणि आपल्या गटातले कोण आज आले नाही हे गुरुजींना सांगावे. या शेवटच्या कामाचे महत्त्व मी पहिल्या दोहोंहून अधिक मानतो. गैरहजर मुलाची चौकशी करणे हा आदराचा प्राथमिक पाठ आहे. शिक्षकांनीही शक्य असेल त्या दिवशी त्याच पंगतीत, तेच अन्न, जमिनीवर बसून खावे. निराळ्या खोलीत डबा उघडून बसलेल्या गुरुजींची समतेवरील भाषणे मुले ऐकतात खरी, पण फक्त ऐकतात.

आता श्रमाविषयी. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी ज्या नयी तालीमेची मांडणी केली, तिच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, सूतकताई आणि त्यांचा हिशेब हीच अभ्यासाची साधने होती. आज ती पद्धती जशीच्या तशी कोणी आणू म्हणणार नाही. परंतु तिच्यातील एक मर्म आपण सहज उचलू शकतो: झाडलोट ही कोणा एका प्रकारच्या मनुष्याची नेमणूक नव्हे. आपल्या शाळांत मुली झाडतात आणि मुलगे घंटा वाजवितात, ही वाटणी इतकी जुनी झाली आहे की ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. घंटा, झाडू, फळा पुसणे, झाडांना पाणी घालणे आणि वाचनालयाची पेटी या पाचही कामांची एकच पाळी करावी, आणि मुलीच्या हाती घंटा व मुलाच्या हाती झाडू निमूटपणे जाऊ द्यावा. त्याच वेळी एक पथ्य कटाक्षाने पाळावे: झाडण्याचे वा कचरा उचलण्याचे काम शिक्षा म्हणून कोणालाही कधीही देऊ नये. ज्या शाळेत गृहपाठ न केल्याबद्दल वर्ग झाडावा लागतो, तिने श्रमप्रतिष्ठा हा शब्द भिंतीवरून पुसून टाकलेला बरा. मारहाण आणि मानसिक छळ यांना तर २००९ च्या कायद्याच्या कलम १७ नेच मनाई केली आहे. पण हे दुसरे, सभ्य दिसणारे अपमान कायद्याच्या जाळ्यात सापडत नाहीत आणि म्हणूनच अधिक टिकतात.

हजेरीपत्रक हे नागरिकशास्त्राचे उत्तम साधन आहे. दररोज सकाळी प्रत्येक बालकाचे नाव सर्वांसमक्ष एकदा उच्चारले जाते. ते पूर्ण, शुद्ध आणि प्रसन्न स्वरात उच्चारावे. बोलीतले अपरिचित नाव असेल तर आईला विचारून उच्चार पक्का करून घ्यावा, आपल्या सोयीसाठी ते बदलू नये, आणि टोपणनावाने तर कधीच हाक मारू नये. हजेरीला ‘हजर’ म्हणण्याऐवजी काही दिवस प्रत्येकाने आपापल्या घरी माणसे भेटली की काय म्हणतात ते म्हणावे असे सुचविले, तर एका सकाळी त्या खोलीत राम राम, जय भीम, जय सेवा, सलाम, जय सेवालाल असे सारे नमस्कार निनादतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या नमस्काराने उत्तर द्यावयाचा खेळ मुले स्वतःच काढतात. त्याचप्रमाणे फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज एकच वस्तू, कधी पाणी, कधी बैल, कधी भाकर, घेऊन तिची वर्गातील सर्व बोलींतली नावे मुलांकडूनच लिहवून घ्यावीत. कोलामी बोलणारे मूल पहिल्या वर्षी वर्गात बहुधा मुके असते, आणि त्याचे मुकेपण हीच त्याची मंदबुद्धी असा तर्क करण्याची घाई होते. त्या कोपऱ्यापुरते का होईना, ते साऱ्या वर्गाचा गुरू बनते. जो शिक्षक त्याच्याकडून दहा शब्द शिकून चुकतमाकत उच्चारतो आणि मुलांना हसू देतो, त्याचा अधिकार यत्किंचितही उणा होत नाही.

तंटा हा विषय अधिक विस्ताराने घेतला पाहिजे, कारण परस्पर आदराची परीक्षा सुविचाराच्या फळ्यापाशी होत नाही, भांडणाच्या वेळी होते. दोन मुले भांडून आली, की शिक्षकाला घाई असते. तो क्षणात फैसला करतो, आणि तो फैसला बहुधा आधीच्या ग्रहावर चालतो: अमुक मूल दांडगे, तमुक गरीब. त्याऐवजी पुढील क्रम लावून घ्यावा. दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे. मग ऐकणाऱ्याने समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि समोरच्याने ‘हो, मी हेच म्हटले’ अशी कबुली दिल्यावरच त्याला स्वतःची बाजू मांडण्याची मुभा असावी. दुसरीच्या मुलालाही हे साधते. आरंभी दहा मिनिटे लागतात, महिन्या-दोन महिन्यांत तीन. शेवटी शिक्षा काय हा प्रश्न न विचारता, झालेले नुकसान कसे भरून काढायचे हे त्या दोघांनाच ठरवू द्यावे: फाटलेली वही चिकटविणे, सांडलेली शाई पुसणे, खेळात पुन्हा सामील करून घेणे. सक्तीने मागितलेली क्षमा ही खोटे बोलण्याची तालीम होय. तिचा आग्रह धरू नये.

आणि पेन्सिल हरवली तर? पारध्यांसारख्या कित्येक जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. तरीही वर्गात एखादी वस्तू नाहीशी झाली, की तीस डोळे न सांगता एकाच दप्तराकडे वळतात, ही गोष्ट कोणत्याही बेड्यानजीकच्या शाळेत पाहावयास मिळेल. या प्रसंगी शिक्षकाचे वर्तन हे त्या वर्षातले सर्वांत मोठे नागरिकशास्त्र असते. एकट्या मुलाचे दप्तर कधीही उघडू नये. सर्वांची झडतीही घेऊ नये, कारण तीही शेवटी त्याच्याच दप्तरापाशी येऊन रेंगाळते. वर्गाच्या कोपऱ्यात एक ‘सापडले-हरवले’ डबा कायमचा असावा. वस्तू हरवली की ती सर्वांनी मिळून शोधावी, सापडली तर डब्यात टाकावी, कोणाला कुठे सापडली ही चौकशी करू नये. न सापडल्यास शाळेच्या साठ्यातून पेन्सिल द्यावी आणि विषय संपवावा. यात एखादा खरा चोर सुटेल. सुटू द्यावा, एका पेन्सिलीपायी एका निरपराध बालकाला आयुष्यभराची ओळख बहाल करणे हा सौदा फार महाग आहे.

शालेय मंत्रिमंडळाविषयी थोडक्यात. पुष्कळ ठिकाणी ते कागदोपत्री असते, हुशार मुलांची नेमणूक होते आणि मुख्यमंत्री वर्षभर परिपाठाचे सूत्रसंचालन करतात. निवडणूक खरी घ्यावी: चिठ्ठी गुप्त असावी, मोजणी उघड असावी, मुदत तीन महिन्यांची असावी, आणि एकदा निवडून आलेल्याला त्या वर्षी पुन्हा उभे राहता येऊ नये. मंत्र्यांकडे खऱ्या वस्तूंचा ताबा असावा, चेंडूंचा, पुस्तकांच्या पेटीचा, बागेच्या पाण्याचा. आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत त्यांनी सर्वांपुढे उभे राहून आठवड्याचा हिशेब द्यावा, पहिलीच्या मुलानेही त्यांना प्रश्न विचारावा. ज्यांच्याजवळ अधिकार नाही त्यांना जबाबदारी शिकविता येत नाही, हे मोठ्यांच्या कारभारातही आपण पाहतोच.

सणांची एक निराळीच अडचण आहे. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून आणतात आणि शाळांतून स्पर्धाही होतात. पण त्या स्पर्धेत सजावट मुलाची नसते, बापाच्या खिशाची असते, आणि ज्याच्या घरी जिवंत बैल विकावा लागला त्याच्या मुलाला मोठ्या लाकडी बैलामागे टाळ्या वाजवाव्या लागतात. त्याऐवजी आदल्या दिवशी नदीची वा शेताची माती शाळेत आणावी, सर्वांनी शाळेतच मातीचे बैल करावेत आणि सारे एका तोरणाखाली उभे करावेत. बक्षीस नको. ईद, सेवालाल महाराजांची जयंती, भीमजयंती या दिवशीही ज्यांचा सण आहे त्यांनी सांगावे व इतरांनी विचारावे, एवढेच पुरे.

याच जिल्ह्यातील एक दुःखही येथे टाळता येत नाही. शेतकरी पित्याने स्वतःचा अंत करून घेतला, अशी मुले आपल्या वर्गांत बसलेली असतात. दानशूर मंडळी येतात, व्यासपीठ घातले जाते, त्या मुलाचे नाव पुकारून वह्या दिल्या जातात, छायाचित्र निघते. हेतू चांगला असतो, याबद्दल वाद नाही. तरीही मुख्याध्यापकांनी अशा वाटपाला नम्रपणे पण ठामपणे एकच अट घालावी: वस्तू कार्यालयात द्यावी, ती मुलापर्यंत कोणास न कळता पोहोचेल. करुणा जेव्हा चव्हाट्यावर येते तेव्हा घेणाऱ्याची मान खाली जाते, आणि खाली गेलेली मान पाहून बाकीची मुले त्याच्याकडे खाली पाहण्यास शिकतात.

पालकांशी होणारे वर्तन मुले फार बारकाईने टिपतात. २००९ च्या शिक्षणाच्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. प्रत्यक्ष सभेत मात्र खुर्च्या गावच्या प्रतिष्ठितांना आणि पोडावरच्या आईला दाराजवळची जमीन, असा देखावा वारंवार दिसतो; ती आई अंगठा उठवून निघून जाते. एक तर सर्वांना खुर्ची द्यावी, नाही तर सर्वांनी सतरंजीवर बसावे. तिला ‘अहो काकू’ म्हणून हाक मारावी, कार्यवृत्तातील मजकूर तिच्या बोलीत वा निदान सोप्या वऱ्हाडीत वाचून दाखवावा, आणि मगच सही अथवा अंगठा घ्यावा. तिचे मूल दाराआडून पाहत असतेच.

ज्यांना या कामी तयार साहाय्य हवे असेल त्यांनी शांतिलाल मुथा यांच्या प्रेरणेने २००९ साली बीड जिल्ह्यात सुरू झालेला आणि पुढे शासनाच्या सहकार्याने राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांत गेलेला ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम अभ्यासावा. संविधानातील मूल्ये उपदेशाने सांगण्याऐवजी जोडीने आणि गटाने करावयाच्या कृतींतून रुजविण्याची त्याची पद्धत विचार करण्याजोगी आहे. परंतु पुस्तिका आल्या म्हणजे काम झाले अशी जी आपली सार्वत्रिक समजूत आहे, तिच्यापासून सावध राहावे. स्थानिक इतिहासाचाही उपयोग करावा, पण तो थोर पुरुषांच्या जंत्रीसारखा नको. वणीस जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला, तेव्हा गवत कापणे हा गुन्हा का होता आणि तो नियम कोणी केला होता, हे चौथीच्या मुलांना विचारावे. पुसद तालुक्यातील गहुलीच्या तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते, हे तांड्यावरच्या मुलांना ठाऊक असतेच. ते गावठाणच्या मुलांनी वर्गात सांगावे.

हे सर्व एकदम आरंभू नये. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या महिन्यात केवळ पाण्याची आणि झाडण्याची पाळी बसवावी, पोळ्यापर्यंत पंगतीचे गट, आणि दिवाळीनंतर तंट्याचा क्रम व निवडणूक. नेमक्या त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होऊन पट निम्मा रिकामा दिसू लागतो, आणि पुसद, उमरखेड, महागाव भागातील तांड्यांवरून कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दूर जातात. अशा वेळी गेलेल्या मुलाचे नाव पाळीच्या तक्त्यावरून खोडू नये. त्याच्या गटातील सोबत्याने त्याची पाळी ‘अमुकच्या बदली’ असे म्हणून करावी, आणि गुढीपाडव्याच्या आसपास ते मूल परत आले, की त्याच दिवशी माठाचे ओगराळे किंवा घंटेचा टोला त्याच्या हाती द्यावा. मागे पडलेल्या धड्यांची उजळणी दुसऱ्या दिवशी सुरू केली तरी चालते.